दोन क्लिक

ड्रॅग रेस पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. सरळ पट्टी, दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं आणि आधी पोचायचं. वळण नाही, घाट नाही. आमच्या भाऊंची ड्रॅग रेस मात्र अठरा मीटरची. पहिले साठ फूट जिथे संपतात तिथे जमिनीलगत प्रकाशाचा एक किरण आडवा टाकलेला असतो. गाडीच्या चाकाने तो तोडला की पहिली वेळ नोंदली जाते, आणि ती नोंदली गेली की भाऊ पाठ फिरवतात. उरलेले ३८४ मीटर त्यांच्या मते इंजिनवाल्यांचे. "तिथून पुढे कोणीही पळवेल," असं म्हणून ते चहाच्या शोधात निघतात. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' भरायची, तेव्हाची गोष्ट. जिच्यासाठी हा माणूस वर्षभर राबला ती गाडी शेजारच्या गाडीला मागे टाकून गेली, तरी यांना पत्ता नाही. पोरं नाचत आली. "भाऊ, जिंकलो!" भाऊंनी कपातून मान वर केली. "ते ठीक आहे रे. पण सुटताना नाक उचललं तिनं. बघितलंस ना?"

भाऊ बदलापूर पूर्वेला, कात्रपला राहतात. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. नोकरीत असताना दर रविवारी आणि निवृत्त झाल्यापासून रोज त्यांचा मुक्काम उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, लालचक्कीच्या अलीकडच्या एका गॅरेजात. गॅरेजवाला सिंधी, गाडीवालाही सिंधी. त्याचा कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवायचा कारखाना. गाडी म्हणजे जुनी होंडा सिटी, १९९८ साली आपल्याकडे आली त्या पिढीतली, व्हीटेक इंजिनाची. या सगळ्यात भाऊंचं नेमकं पद काय, हे कोणालाच सांगता येत नाही. पगार नाही, भागीदारी नाही, गाडी चालवायची हौस तर अजिबातच नाही. गाडीचे चार शॉकप तेवढे त्यांचे. बाकीची गाडी त्या शॉकपांवर ठेवलेली असते, म्हणून ते तिला चालवून घेतात.

गाडी दिसली की भाऊंचे हात शिवशिवतात. कोणाची, कुठली, आत कोणी बसलंय का, हे नंतर. आधी दोन्ही तळवे मडगार्डवर ठेवायचे, अंगाचा भार टाकून खाली दाबायचं आणि एकदम सोडून कान द्यायचा. चांगला शॉकप असेल तर गाडी वर येते आणि एका दमात जागच्या जागी बसते. पुन्हा डुलली तर शॉकप गेला. ही परीक्षा त्यांनी डॉक्टरांच्या गाडीवर केली आहे, दूधवाल्याच्या टेम्पोवर केली आहे, आणि माझ्या पुतण्याच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीवर केली आहे. झेंडूच्या माळा तुटून बॉनेटभर पसरल्या. वरमाय बघत राहिली. भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पुढचा उजवा गेलाय. मुलगी जपून जाऊ दे."

एकदा गांधी चौकात कोणा पुढाऱ्याची पांढरी गाडी उभी होती. भाऊंनी मागून दाबली. आतून दोन दांडगे अंगरक्षक उतरले. "काय पाहिजे?" भाऊ शांत. "मागचा डावा गेलाय. तेल गळतंय, वाकून बघा." त्यातला एक खरंच वाकला. दुसऱ्याने इकडेतिकडे पाहून हळूच स्वतः दाबून बघितली. पाच मिनिटांनी तिघं मिळून गाडीच्या चारही कोपऱ्यांची तपासणी करत होते आणि साहेब काचेआडून फोनवर बोलता बोलता वरखाली होत होते.

गाडी नसेल तिथे भाऊंना दार पुरतं. दाराच्या वरच्या कोपऱ्यात तो डोअर क्लोजर असतो ना, दार आपोआप हळू लावणारा, त्याच्याही पोटात तेल असतं. ते तेल बारीक वाटेतून पलीकडे जायला वेळ घेतं, एवढंच त्याचं कसब. शॉकप तरी दुसरं काय करतो? क्लोजरला साधारण दोन स्क्रू असतात, एक दार किती वेगाने फिरावं याचा आणि दुसरा शेवटच्या वीतभर अंतरात कसं बसावं याचा. भाऊंच्या शर्टाच्या खिशात त्यासाठी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर कायम खोचलेला. अक्कलदाढ काढायला दंतवैद्याकडे गेले, तर नंबर येईपर्यंत खुर्चीवर चढून दार लावून मोकळे. आता त्या दवाखान्याचं दार इतकं मुकाट बंद होतं की पेशंट आत आल्याचं कोणाला कळतच नाही. आमच्या इमारतीचं खालचं दारही त्यांनीच ठीक केलंय. ते इतक्या सावकाश मिटतं की मांजर उंबऱ्यावर थांबून, विचार करून, मग आत येतं. तक्रार केली तर भाऊंचं उत्तर ठरलेलं: "दोन क्लिक जास्त झालं. करतो."

दोन क्लिक. हे त्यांचं औषध. पिकलेल्या आंब्यापासून महागाईपर्यंत जगातला प्रत्येक बिघाड त्यांच्या मते दोन क्लिक इकडे किंवा दोन क्लिक तिकडे आहे. मुलाचं त्याच्या बॉसशी पटत नाही? "दोन क्लिक सैल सोड." वहिनींची आमटी खारट? इथे मात्र ते काही बोलत नाहीत. एकदाच बोलले होते. "अहो, तुमचे क्लिक कॅम्प चारमध्ये," वहिनी म्हणाल्या, "ओट्यापाशी नकोत." त्या दिवशी भाऊंनी आमटी दोनदा घेतली.

भाऊ खरोखरचे क्लिक मोजत असले की बघत राहावं. सिटीला बसवलेल्या शॉकपांना टोकाशी बोटभराचा नॉब आहे. तो आधी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण बंद करायचा, जोर न लावता, मग एकेक क्लिक मोजत मागे यायचं. क्लिक कानाला जेमतेम ऐकू येतो, बोटाला कळतो. भाऊ चाकाच्या कमानीत डोकं घालून, डोळे मिटून बसतात. तेवढ्या वेळात गॅरेजात बोलायला बंदी. पाना जमिनीवर पडला तरी मोजणी पहिल्यापासून. एकदा चहावाल्या पोऱ्याने बाहेरून विचारलं, "काका, कितना?" आतून आवाज आला, "सात." पोऱ्याने सात कटिंग आणले. गॅरेजात माणसं तीन. भाऊ बाहेर आले, ट्रे पाहिला आणि कळवळून म्हणाले, "अरे, आठव्यावर जायचं होतं!"

मग ते क्लिक वहीत जातात. दोनशे पानी वही, वर खाकी कव्हर, कव्हरावर लेबल, लेबलावर विषय: 'सिटी'. आत रकाने आखलेले. तारीख, वेळ, हवेचं तापमान, चारही टायरांची हवा, चारही कोपऱ्यांचे क्लिक आणि शेवटी शेरा. आकडे टूलरूमच्या शिस्तीतले, शेरे मात्र सासूबाईंचे. 'नाक वर.' 'बरी.' 'आज लाडात आहे.' 'ड्रायव्हर बिचकला, गाडीचा दोष नाही.' एका रविवारचा शेरा आहे: 'ड्रायव्हरने दाल-पकवान खाल्ले, वजन धरावे.' एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा कायदा. क्लिक बदलले तर टायरची हवा तीच ठेवायची, हवा बदलली तर क्लिकला हात लावायचा नाही. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार कसं? जीन्सवाल्या तरुण मालकाला हा कायदा जाचतो. तो दर महिन्याला नवं काहीतरी घेऊन येतो. "काका, नायट्रस लगाएँ?" भाऊ चष्म्यावरून बघतात. "पहले गाडी को खडा रहना सिखाओ साईं. भागना बाद में."

खडा रहना म्हणजे काय, हे भाऊंनी मला समजावलं ते लोकलमध्ये. बाराची निवांत बदलापूर गाडी होती, उभं राहायला ऐसपैस जागा. कल्याण सुटलं. "आता बघ," म्हणाले. गाडीने वेग घेतला आणि दांड्यांना लोंबकळणारी सगळी माणसं एकदम मागे झुकली. "कळलं? सुटताना वजन मागे जातं. मागचे जड, पुढचे हलके. आता सिटीला जोर कुठल्या चाकांना? पुढच्या. आणि नेमकी तीच हलकी. म्हणून ती जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, पोरं टाळ्या वाजवतात, आणि पलीकडची गाडी निघून जाते." मी विचारलं, मग शॉकप ते वजन मागे जाऊ देत नाही का? भाऊंना हा प्रश्न फार आवडतो, कारण त्यांचं सर्वांत लाडकं वाक्य यावर बसवलेलं आहे. "किती जायचं ते जाणारच. ते गाडीची उंची, लांबी आणि जोर ठरवणार. कधी जायचं, ते मी ठरवणार." शेजारचा डबेवाल्या टोपीतला गृहस्थ इतका वेळ ऐकत होता. त्याने आदराने सरकून भाऊंना चौथी सीट दिली.

अर्थात हे ज्ञान फुकट आलेलं नाही. सुरुवातीला भाऊंनी अमेरिकेतले व्हिडिओ पाहून गाडी लावली होती. तिकडच्या पोरांचं शास्त्र असं की पुढचा शॉकप उघडायला सैल आणि मिटायला कडक ठेवायचा. सुटताना नाक झपकन वर येतं, तिथेच टिकतं, आणि वजन मागच्या चाकांवर दाबून बसतं. शास्त्र बिनचूक. फक्त तिकडच्या त्या गाड्यांना जोर मागच्या चाकांना असतो. सिटीने दिवा हिरवा होताच नाक असं उचललं की जणू मुजरा करतेय, आणि पुढची चाकं डांबरावर नुसती भिरभिरली. भाऊंनी वहीत त्या दिवसाचा शेरा लिहिला, मग खोडला, मग पान फाडलं, मग फाडलेलं पान पुन्हा डकवलं. फिटर माणूस; नोंद नष्ट करणं त्यांच्या रक्तात नाही. तेव्हापासून उलटा कारभार. पुढचे शॉकप उघडायला कडक, म्हणजे नाक चटकन वर येत नाही. मागचे मिटायला कडक, म्हणजे गाडी ढुंगणावर बसत नाही. पुढच्या टायरांत हवा थोडी कमी. हे ज्या दिवशी जमलं त्या दिवशी पहिल्या अठरा मीटरांत सेकंदाचा एक दशांश वाचला. एक दशांश! तो पुढे वाढत जातो, शेवटी दीड-दोन दशांश होऊन हातात येतो, असं भाऊ सांगतात. त्या आनंदात त्यांनी गॅरेजात पेढे वाटले आणि कल्याण-बदलापूर रस्त्याच्या वाहतुकीत अडकून घरी पोचायला दोन तास घेतले.

हा विरोधाभास मी त्यांना एकदा बोलून दाखवला. आपल्याकडे फॉरेस्ट नाका ओलांडायला पाऊण तास लागतो आणि तुम्ही दशांश सेकंद मोजता? भाऊ चिडले नाहीत. खड्डे आणि जाम ही त्यांच्या दृष्टीने शॉकपची शाळाच. "पावसाळ्यात या रस्त्यावर जो शॉकप टिकला, तो जगात कुठेही टिकला," म्हणाले. वर हेही ऐकवलं की गॅब्रिएल इंडिया १९६१ साली सुरू झाली ती मुलुंडला. "आपल्या लायनीवर," असं त्यात अभिमानाने घातलं, जणू स्लो लोकलच्या कृपेनेच देशाला शॉकप मिळाले.

एका बाबतीत मात्र भाऊ दोन क्लिकसुद्धा सैल सोडत नाहीत. काटई-बदलापूर रस्त्यावर रात्री शर्यती लावणारी पोरं गॅरेजात आली, की हा मवाळ माणूस पाना खाली ठेवतो. "रस्त्यावर पळवणार असशील तर तुझ्या गाडीला हात लावत नाही. चल, उचल." पैसे दुप्पट देतो म्हटलं तरी नाही. धावपट्टी, अ‍ॅम्ब्युलन्स, हेल्मेट, गाडीची तपासणी करणारे अधिकारी, हे सगळं असेल तिथेच. याचा परिणाम असा की त्यांच्या वर्षभराच्या मेहनतीची खरी परीक्षा वर्षातून एखाद्याच दिवशी व्हायची. सिटी ट्रेलरवर चढवायची, कर्जत-खोपोलीमार्गे घाट चढायचा, आणि पहाटेच्या गारव्यात वर पोचलं की भाऊंचा चेहरा पडायचा. थंडीत शॉकपचं तेल दाट, म्हणजे आपोआप कडक. दुपारी पट्टी तापली, चार फेऱ्या झाल्या की तेच तेल पातळ. उल्हासनगरच्या उकाड्यात लावलेले क्लिक तिथे लागू कसे पडणार? दिवसभर ते दर फेरीच्या आधी चाकाशी उकिडवे. शर्यतीच्या दिव्यांकडे लक्षच नाही. तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली येतात, मग हिरवा लागतो, आणि तेवढ्या वेळात अख्खं मैदान श्वास रोखून ड्रायव्हरकडे बघतं. भाऊ बघतात बंपर आणि डांबर यांच्यामधल्या फटीकडे.

भाऊंच्या आयुष्यातला सर्वांत वाईट आठवडा त्यांच्या भाच्याने आणला. भाचा मेकॅनिकल इंजिनियरिंगला. एका संध्याकाळी त्याने सहज सांगितलं, "मामा, जगातल्या सगळ्यात वेगवान ड्रॅग गाड्यांना, त्या टॉप फ्युएलवाल्यांना, सस्पेन्शन नसतंच." भाऊ हसले. मग भाच्याने दाखवलं. खरंच नसतं. मागचा आस सरळ चौकटीला पक्का. शॉकप नाही, स्प्रिंग नाही, नॉब नाही, क्लिक नाही. भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. दोन दिवस गॅरेजला गेले नाहीत. वहिनींनी काळजीने मला बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी पहाटे भाऊ माझ्या दारात उभे, डोळ्यांत चमक. "अरे, चौकटच वाकते! पंचवीस फूट लांब नळ्यांची चौकट, ती सुटताना कमानीसारखी लवते. आणि टायर इतके मोठे नि मऊ की सुटताना त्यांना सुरकुत्या पडतात. म्हणजे अख्खी गाडीच शॉकप आहे!" मग एकदम खंतावून, "फक्त तिला नॉब कुठे लावायचा?"

तेवढ्यावर न थांबता आम्हाला एका रविवारी बैलगाड्यांच्या शर्यतीला घेऊन गेले. २०१४ च्या बंदीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा वाट दिली, आणि मे २०२३ च्या निकालाने तो प्रश्न मिटला. तेव्हापासून अंबरनाथ तालुक्यातल्या गावांत हंगामात ही गर्दी असते. गुलाल, हलगी, स्पीकर. तिथेही सरळ पट्टी, सुटायचं आणि पोचायचं. भाऊ मात्र लोकांच्या पायांतून वाकून छकड्याचा आस बघत होते. "याला पण नाही," समाधानाने म्हणाले. "टॉप फ्युएलच आहे हा." मग छकड्यावरच्या गड्याकडे बोट दाखवलं. गुडघे वाकवून, पायाच्या चवड्यांवर तोललेला, प्रत्येक धक्का अंगात जिरवत चाललेला. "तो बघ शॉकप. मागून किती क्लिकवर ठेवलाय बघ त्याने स्वतःला!" जोडी कुठली जिंकली ते अर्थातच आम्हाला तिथेही कळलं नाही, कारण सुटल्यावर भाऊ वळून भजीवाल्याकडे निघाले होते.

महाशिवरात्रीला ते न चुकता अंबरनाथच्या शिवमंदिरात जातात. शके ९८२ मधलं, शिलाहारांच्या काळातलं मंदिर. दगडातली शिल्पं बघायला लोक लांबून येतात. भाऊ रांगेत उभे राहून गाभाऱ्यापाशी पोचले की दरवर्षी तेच बोलतात. तिथला गाभारा सभामंडपाच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. भाऊ हात जोडतात, खाली बघतात, आणि मागच्या माणसाला सांगतात, "लोअर केलंय. म्हणून हजार वर्षं हललं नाही."

हल्ली भाऊंचं मन इलेक्ट्रिक गाड्यांत अडकलं आहे. बॅटरी तळाशी, त्यामुळे वजन सगळं खाली. आणि ताकद पेडल दाबल्या क्षणी पूर्ण, गिअर नाही, वाट बघणं नाही. म्हणजे पहिले अठरा मीटर हीच सगळी मजा. परवा मला बरोबर घेऊन ते एका शोरूममध्ये गेले. टाय लावलेला मुलगा लगबगीने पुढे आला. "या काका, कोणती बघताय? टेस्ट ड्राइव्ह घेणार? किल्ली आणतो."

"नको रे, चालवायची नाहीये," भाऊ बाह्या वर सारत म्हणाले. "मला फक्त दाबून बघायची आहे."

मुलगा मॅनेजरला बोलवायला गेला.